फडक्यावरचा रंग

खंडेनवमीला आमच्या अलिबागच्या आळीत अजूनही हत्यारं पुजली जातात. कोयता, विळी, सुताराची करवत, गवंड्याची थापी. आणि गेल्या पन्नास-साठ वर्षांत त्यांच्या शेजारी येऊन बसलेले पान्हे आणि जॅक. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, पाळी गाड्यांची. धुवायची, घासायची, चकचकीत करायची आणि झेंडूचा हार घालायचा. माझ्याकडे १९८६ सालची फिक्कट हिरवी प्रीमियर पद्मिनी आहे. ती माझ्या मामांची. १९९१ साली त्यांनी ती स्वतःच्या हातानं पुन्हा रंगवली, आणि ते गेल्यावर ती माझ्याकडे आली. दर दसऱ्याला मी तिला रबिंग कंपाउंड लावून मशीन फिरवत असे. गेल्या दसऱ्याला पाणी पुसताना बॉनेटच्या कडेला बोटभर लांबीची राखाडी रेघ दिसली. चिखल समजून मी ती पुसली. ती गेली नाही. तो प्रायमर होता.

म्हणजे त्या जागचा रंग संपला होता. ऊन आणि खारा वारा यांच्यावर दोष ढकलणं सोपं होतं. पण कडेचाच रंग संपावा आणि मधला राहावा, हे उन्हाचं काम नव्हे. तो माझ्या हातानं गेला होता. चकाकी आणण्याच्या नादात मी वर्षानुवर्षं मामांचा रंग पुसून टाकत होतो. त्या रेघेपासून सुरू झालेला हा शोध आहे. चकाकी येते म्हणजे नेमकं काय होतं, आणि ते माणसाला कधीपासून ठाऊक आहे, एवढाच त्याचा विषय.

मामांची शेड

मामांची डेंटिंग-पेंटिंगची शेड अलिबाग-पेण रस्त्याला होती. १९८१ साली मी सोळा वर्षांचा होतो. त्याच वर्षी कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं होतं आणि शेडवरच्या पाटीवर 'जि. कुलाबा' तसंच होतं. मे महिन्याच्या सुट्टीत मी तिथे वॉटर पेपर भिजत घालणं, डबे धुणं, चहा आणणं असली कामं करी. रंगकामाचा हंगाम दसऱ्यानंतर सुरू होई आणि मृगाच्या आधी बंद पडे. त्याला कारण होतं. त्या काळातला रंग थिनरमध्ये पातळ करून कॉम्प्रेसरनं मारला जाई. थिनर भराभर उडून जाताना पत्रा गार पडतो, आणि किनाऱ्याच्या दमट हवेतली वाफ त्या ओल्या रंगावर जमते. मग रंग 'पांढरा मारतो'. त्यावर धुकं बसल्यासारखं दिसतं. पावसाळ्यात हे हमखास होई. उन्हाळ्यातही भरतीच्या वेळचा वारा सुटला की मामा गन खाली ठेवत.

रंग सुकल्यावर तो तसाही पुरता चमकत नसे. त्यावर बारीक वॉटर पेपर मारायचा, मग कंपाउंड, मग मेण. कंपाउंड म्हणजे दाट, तपकिरी, रॉकेलचा वास येणारा मलम. बोटांत चोळला तर बारीक रेतीसारखा लागे. हातानं गाडी घासायला दोन माणसांना दिवस लागे. त्या वर्षी मामांनी मुंबईहून एक जुनी बफिंग मशीन आणली होती. वजनदार, आणि पुढे लोकरीचं गोल पॅड.

त्या मशीनवर माझा पहिला हात पडला तो गावातल्या एका डॉक्टरांच्या निळ्या फियाटवर. सपाट टपावर मशीन छान सरकली. मी धिटाई करून ती पन्हळीच्या कडेला नेली आणि दोन-तीन सेकंद थांबलो. जळका वास आला. मशीन उचलली तर कडेवर राखाडी पट्टा. मामा ओरडले नाहीत. त्यांनी माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि उलगडून दाखवलं. ते निळं झालं होतं. "एवढा रंग आत्तापर्यंत गाडीवर होता. आता इथे आहे." एवढंच म्हणाले. ती कड त्यांनी संध्याकाळी कागद-पट्टी लावून पुन्हा मारून दिली, आणि डॉक्टरांना हकीकत सांगून त्या कामाचे पैसे घेतले नाहीत.

कडेवरच का जळलं, तेही त्यांनी नंतर सांगितलं. कडेवर रंग 'उभा राहत नाही'. ओला रंग धारेवरून दोन्ही बाजूंना ओढला जातो आणि नेमका धारेवर थर सगळ्यात पातळ बसतो. मशीनचा सगळा दाबही त्याच चिंचोळ्या जागेवर येतो. म्हणून कडेला मशीन न्यायची नाही, ती हातानं घासायची. मामा सातवी शिकलेले होते. द्रवाच्या पृष्ठताणाबद्दल त्यांनी काही वाचलं असण्याचा संभव नव्हता, पण नियम बरोबर होता.

कुरुंदाचा प्रवास

कंपाउंडातली ती 'रेती' म्हणजे काय, हे शोधताना मी मोटारींच्या कितीतरी मागे गेलो. आपल्याकडे घासून चमकवणं हा ज्यांचा पिढीजात धंदा, ते शिकलगार. हे नावच मुळी अरबी-फारसीतल्या 'सैकल', म्हणजे चकाकी देणं, या शब्दावरून आलेलं. तलवारी, पट्टे, भाल्यांची पाती यांना धार आणि झिलई देणं हे त्यांचं काम. त्यांचं चाक दगडाचं नसे. कुरुंदाची पूड वितळलेल्या लाखेत कालवून ते घडवलं जाई. एक जण वादीनं चाक फिरवी आणि दुसरा पातं धरी. हत्याराच्या पूजेच्या दिवसाला दुसऱ्याच दिवशी गाडीची पूजा जोडली गेली, यात मला एक संगती दिसते. दोन्ही ठिकाणी पुजण्याआधी घासणं आहे.

कुरुंद हे ॲल्युमिनिअमचं ऑक्साइड. काठिण्याच्या मोजपट्टीवर हिऱ्याला दहा, तर कुरुंदाला नऊ. माणिक आणि नीलम ही त्याचीच रूपं. तो आपल्याकडे भंडारा जिल्ह्यात सापडतो, दक्षिणेत अधिक. संस्कृतातला 'कुरुविंद' आणि तमिळमधला 'कुरुंदम' यांवरूनच युरोपातल्या खनिजशास्त्रज्ञांनी 'कोरंडम' हा शब्द घेतला. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड ॲचिसन यांनी विजेच्या भट्टीत एक नवा कठीण पदार्थ बनवला. त्यात कार्बन आणि कोरंडम असावं अशा समजुतीनं त्यांनी त्याला 'कार्बोरंडम' म्हटलं. प्रत्यक्षात तो सिलिकॉन कार्बाइड निघाला, पण नाव तेच राहिलं. आमच्या गल्लीत सायकलवर धार लावायला येणारा माणूस त्याच्या चाकाला 'कार्बोरंडमचं चाक' म्हणे. अर्धा शब्द आपलाच होता, अमेरिकेला जाऊन परत आलेला.

त्यानंतर काही वर्षांतच, १८९७ च्या सुमारास, चार्ल्स जेकब्स यांनी बॉक्साइट विजेच्या भट्टीत वितळवून कृत्रिम कुरुंद तयार केला. नॉर्टन या अमेरिकी कंपनीनं ती कृती उचलली आणि घासण्याच्या चाकांचा धंदा जगभर पसरला. आता रायगडच्या किनाऱ्याकडे बघा. श्रीवर्धनच्या आसपासच्या सड्यांवर जांभ्याच्या थरात बॉक्साइट आहे. आणि उत्तर टोकाला उरणजवळ मोरा बंदर आहे, भाऊच्या धक्क्यावरून लाँच जाते ते. तिथे १९४१ साली, दुसरं महायुद्ध चालू असताना, ग्राइंडवेल हा घासण्याची चाकं बनवणारा कारखाना उभा राहिला. देशातल्या या धंद्यातल्या अगदी पहिल्या कारखान्यांत त्याची गणना होते. पुढे नॉर्टनशी हातमिळवणी होऊन तो 'ग्राइंडवेल नॉर्टन' झाला, आणि नॉर्टनच फ्रान्सच्या सेंट-गोबेन समूहात गेल्यावर त्या घराण्यात आला. मामांच्या शेडपासून मोरा काही फार लांब नव्हतं. आपल्या हातातल्या मलमातला कण आणि उरणच्या कारखान्यातल्या चाकाचा कण हे सख्खे भाऊ आहेत, हे मात्र तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

चकाकी म्हणजे काय

शेडमध्ये येणारी गिऱ्हाइकं म्हणत, "पॉलिश मारा, म्हणजे रंग वर येईल." जणू खालचा ताजा रंग उमलून वर येतो, किंवा मलमानं वर काहीतरी चढतं. हा समज अडाणीपणाचा म्हणून सोडून देता येत नाही. याच प्रश्नावर विज्ञानात अडीचशे वर्षं वाद चालला.

न्यूटननं १७०४ च्या 'ऑप्टिक्स' ग्रंथात लिहिलं की काचेला झिलई देणं म्हणजे तिच्यावरचे चरे बारीक बारीक करत नेणं. ते डोळ्याला दिसेनासे झाले की आपण पृष्ठभागाला गुळगुळीत म्हणतो. विसाव्या शतकाच्या आरंभी जॉर्ज बीलबी या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञानं उलट मत मांडलं. त्याच्या मते झिलई देताना धातूचा वरचा पापुद्रा घर्षणानं वाहतो, खळगे भरून काढतो आणि साईसारखा पसरतो. १९२१ च्या त्याच्या पुस्तकानंतर हे मत बराच काळ मान्य होतं. १९५० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या लिओनार्ड सॅम्युएल्स यांनी धातूंवर बारकाईनं काम करून दाखवलं की बारीक कणही मोठ्या कणांसारखेच कापतात. त्यांचे छिलके एवढे सूक्ष्म असतात की दिसत नाहीत, इतकंच. न्यूटन पुष्कळसा बरोबर ठरला.

मोटारीचा रंग धातूपेक्षा मऊ असतो, गरम झाला की आणखी मऊ पडतो. पण मुख्य गोष्ट तीच. जुना रंग निस्तेज दिसतो, कारण उन्हानं त्याचा वरचा थर मेलेला असतो आणि बारीक ओरखड्यांवर उजेड विखुरतो. कंपाउंडातले कण तो थर कापून काढतात. मोठ्या चऱ्यांच्या जागी लहान चरे येतात, मग त्याहून लहान. उजेडाची तरंगलांबी मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाच्या आसपास असते. चरे तिच्या तुलनेत फारच लहान झाले की उजेड विखुरायचा थांबतो आणि आरशासारखा परततो. चकाकी वरून चढत नाही. ती कापून काढून मिळते.

एक पळवाटही आहे. कंपाउंडात तेलं आणि मेणंही असतात. ती चऱ्यांत भरतात, आणि काम झाल्या झाल्या गाडी आरसा दिसते. दोन-चार धुण्यांत ती निघून गेली की जाळं पुन्हा दिसू लागतं. गिऱ्हाईक समजतं की पॉलिश उतरलं, आणि पुन्हा घासायला आणतं.

ड्युकोचे दिवस

सुरुवातीच्या मोटारींना घोडागाडीसारखं वार्निश चढे. कोटावर कोट, प्रत्येक सुकायची वाट, आणि गाडी रंगवायला काही आठवडे. हेन्री फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ पर्यंत काळ्याच रंगात निघाली, ती भट्टीत भाजायच्या काळ्या इनॅमलमध्ये. पहिलं महायुद्ध संपल्यावर ड्युपाँ या दारूगोळा बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीनं आपलं नायट्रोसेल्युलोज, म्हणजे बंदुकीच्या दारूतला कापूस, रंगाकडे वळवलं. १९२३ मध्ये 'ड्युको' नावानं तो लॅकर जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर आला आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. थिनरचा, लवकर सुकणारा आणि सुकल्यावर निस्तेज राहणारा असा तो रंग होता. म्हणून रबिंग हा त्या रंगाचा दोष झाकायचा उपाय नव्हता, ती रंगकामाची शेवटची पायरीच होती. १९२१ मध्ये पाण्यात घासता येणारा पॉलिश पेपर आला, १९२५ मध्ये दोन रंगांमधली रेघ राखायला चिकटपट्टी आली. दोन्ही थ्री-एम कंपनीच्या, दोन्ही मोटार रंगवणाऱ्यांच्या गरजेतून. मामांच्या शेडमधली हत्यारं तीच होती.

आपल्याकडे 'ड्युको' हे कंपनीचं नाव राहिलंच नाही. कपाट असो की रिक्षा, गनने मारलेला चकचकीत रंग म्हणजे ड्युको. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि पुढे पद्मिनी निघाल्या. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी म्हणून त्या पुढे अर्धं शतक धावल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली. या गाड्यांचा रंग एकाच जातीचा, वरपासून खालपर्यंत रंगच. तो घासला की फडकं रंगे. टॅक्सीच्या टपाला फडकं मारलं की ते पिवळं, दाराला मारलं की काळं. किती घेतलं, ते डोळ्यासमोर दिसे. चांगला मिस्त्री फडक्याकडे बघून हात आवरता घेई.

पांढरं फडकं

मग धातूच्या कणांचे चमचमते रंग आले. त्यातले कण उघडे पडले की काळवंडतात, म्हणून त्यांच्यावर पारदर्शक क्लिअरकोट चढवावा लागला. आपल्याकडे नव्वदीच्या दशकापासून तो सर्रास झाला. आता रंगाचं रक्षण करणारा आणि चमक देणारा थर बिनरंगी आहे. त्यावर मशीन फिरवा. फडकं पांढरं ते पांढरंच. मला वाटतं, या धंद्याच्या इतिहासातला सगळ्यात मोठा बदल मशीनचा नाही, हा आहे. हिशेबाची वही बंद झाली, खर्च मात्र चालू राहिला.

तो खर्च असा. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर प्रायमरपासून वरपर्यंत सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस ७० च्या आसपास. त्यातला क्लिअरकोट ४०-५०. कडक पॅड आणि कडक कंपाउंडाचा एक हात दोन-तीन मायक्रॉन सहज घेतो. ऊन अडवणारी द्रव्यंही याच क्लिअरकोटात असतात. दर वर्षी दोन-तीन हात मारले, तर रंग दिसायला शाबूत असतानाच त्याचं छत्र पातळ होत जातं, आणि एक दिवस टपावर पांढरे पापुद्रे सुटतात. गाडीवाला म्हणतो, खाऱ्या हवेनं खाल्ली.

खारी हवा निर्दोष नाही. मीठ ओल धरून ठेवतं, टवक्यातून पत्र्यापर्यंत पोचतं आणि गंज आतून पसरवतं. पण मिठानं ओरखडे पडत नाहीत. ते वाळूनं पडतात. नागाव-किहीमच्या पुळणीवरून आलेल्या गाडीवर कोरडं फडकं मारणं म्हणजे वॉटर पेपर पाण्याशिवाय मारणं. कोळी दर पावसाळ्यात होडी वर ओढतात, खरवडतात, नवा रंग देतात आणि नारळी पौर्णिमेला पाण्यात सोडतात. त्यांनी काढलेलं परत घातलेलं असतं. आपण मोटारीचं नुसतं काढतो.

२०२० मध्ये मांडव्याला गाड्या घेऊन येणारी रो-रो सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, आणि अलिबागकडे येणाऱ्या गाड्यांना दोन नव्या वाटा मिळाल्या. रस्त्यालगत डिटेलिंगची दुकानं दिसू लागली. तिथल्या मशीन निराळ्या आहेत. मामांची मशीन एकाच आसाभोवती गरगरे, एका जागी उष्णता साठवी आणि उन्हात दिसणारी वर्तुळं सोडी. नव्या मशीनचं पॅड फिरता फिरता डुलतं, त्यामुळे एका जागी ताप साठत नाही आणि जळण्याचा धोका कमी. पण कमी म्हणजे नाही असं नव्हे.

मीटर काय म्हणाला

राखाडी रेघ दिसल्यावर मी पद्मिनी अशाच एका दुकानात नेली. तिथल्या तिशीतल्या मुलानं आधी मशीन काढली नाही. खिशातून एक लहान यंत्र काढून पत्र्यावर टेकवलं. खालचं लोखंड किती अंतरावर आहे ते चुंबकाच्या तत्त्वावर ओळखून ते थराची जाडी सांगतं. बॉनेटच्या मध्यावर ९०. दारांवर १४०. कडांवर ३०, २५. डाव्या मडगार्डवर आकडा एकदम १,१०० च्या पुढे गेला. मुलगा म्हणाला, "काका, इथे लांबी भरली आहे. ठोकली होती ना कधी?"

ठोकली होती. १९९४ साली, मीच, आमच्या फाटकाला. मामांनी एका रविवारी पत्रा काढून लांबी भरली होती आणि रंग इतका जुळवला होता की ती जागा मी विसरूनही गेलो होतो. तीस वर्षांनी एका यंत्रानं ती शोधून दिली.

"मशीन नको," तो मुलगा म्हणाला. "अजून एक हात मारला तर कडा सगळ्या उघड्या पडतील. सगळी खरवडून नवी रंगवा, नाहीतर आहे तशी ठेवा." गिऱ्हाईक दारात असताना काम नाकारणारा हा मुलगा मामांना आवडला असता.

खरवडून रंगवली, तर गाडी नव्यासारखी होईल, आणि तिच्यावर मामांचं काहीच उरणार नाही. मी आहे तशी ठेवली. कडेच्या रेघेवर गंज धरू नये म्हणून बारीक ब्रशनं टचअप करून घेतलं. जवळून पाहिलं तर दिसतं. आता धुताना आधी भरपूर पाणी सोडून वाळू वाहू देतो, मग मऊ ओलं फडकं, आणि पावसाळ्याच्या आधी-नंतर मेण. मेण काही कापत नाही. गाडी पूर्वीइतकी चमकत नाही. उन्हात उभी असली की टपावर थोडी धूसर दिसते.

या दसऱ्यालाही तिला हार घालायचा आहे. कंपाउंडचा डबा फळीवर आहे, आणि त्याच्या शेजारी गेल्या वर्षीचं फडकं घडी घालून ठेवलं आहे. ते हिरवं आहे. धुवायला टाकलं नाही.